वीसचा प्लग, दहाचं सॉकेट

१

शनिवार, ७ जून. दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी, कुरितिबा शहरातल्या एका घराच्या परसातल्या खोलीत, आन्सेल्मो कुझ्मा हे चौसष्ट वर्षांचे निवृत्त शिक्षक बिअरच्या पातेल्याला मिठी मारल्यासारखे पडलेले त्यांच्या पत्नीला दिसले. पातेलं तीस लिटरचं, स्टीलचं, विजेवर तापणारं. भिंतीवरच्या कंट्रोलच्या पेटीतलं बटण बंद होतं आणि दिवा विझलेला होता. पत्नी ओलिंडाने प्लग ओढून काढला आणि शेजारी राहणाऱ्या दिराला हाक मारली. रुग्णवाहिका तीन एकतीसला आली, तोवर सगळं संपलं होतं. पंचनाम्यात मृत्यूचं कारण विजेचा धक्का असं नोंदवलं गेलं. खाली आणखी एक ओळ होती: उपकरण बंद स्थितीत.

रविवारी दफन झालं. स्मशानातून मुलगी मार्लीस थेट पोलीस ठाण्यात गेली. ती तांत्रिक शाळेत वायरिंग शिकवते, अकरा वर्षं. अंगावर काळा कोट तसाच होता.

"गुरुवारी प्लग मी बदलला," ती म्हणाली. "बाबांना मी मारलं. लिहून घ्या."

तपास अधिकारी अपारिसियो यांनी ते लिहून घेतलं, कारण न घेण्याची सोय नव्हती. पण मंगळवारी सकाळी त्यांनी दोरोतेया सावचुक यांना फोन लावला. दोरोतेयाबाईंनी वीज कंपनीच्या अपघात विभागात एकोणतीस वर्षं काढली होती. जिथे वीज लागून माणूस गेला तिथे जायचं, कारण शोधायचं आणि दोन पानांत लिहायचं, हे त्यांचं काम. निवृत्तीनंतरही ठाण्याचे लोक त्यांना आदराने दोना, म्हणजे बाई, म्हणत आणि बोलवत. त्या येत, कारण अर्धवट कारण त्यांना सहन होत नसे.

"मुलगी स्वतःहून कबुली देतेय आणि मला ती पटत नाही," अपारिसियो म्हणाले. "म्हातारा होत चाललोय, दोना दोरोतेया."

"चाललोय कसले. झालात."

कागद पुढच्या आठवड्याच्या अखेरीस कोर्टात जाणार होते. तोवर दुसरं काही निघालं नाही, तर निष्काळजीपणाने बापाचा मृत्यू घडवल्याचा ठपका मार्लीसवर बसणार होता. कोर्टाने पुढे सोडली असती तरी तिने स्वतःला सोडलं नसतं. शाळेत तिने रजा टाकली होती. घरात दिव्याच्या बटणालाही ती हात लावत नाही, असं तिच्या नवऱ्याने अपारिसियोंना सांगितलं होतं.

दोरोतेयाबाईंनी पंचनामा दोनदा वाचला. शेवटच्या ओळीवर त्यांचं बोट थांबलं. एकोणतीस वर्षांत चालू यंत्राने मारलेली माणसं त्यांनी पुष्कळ पाहिली होती. बंद यंत्राने मारलेलं हे पहिलंच.

२

पातेलं ठाण्याच्या मागच्या खोलीत टेबलावर होतं. झाकण निघालेलं, तळाशी माल्टचा काढा वाळून चिकटलेला. बाजूला कंट्रोलची पेटी, केबल आणि तिच्या टोकाला नवाकोरा पांढरा प्लग.

त्यांनी आधी प्लग उघडला. चुकायचं म्हटलं तर तीनच तारा होत्या, आणि तिन्ही आपापल्या जागी होत्या. हिरवी-पिवळी तार मधल्या पिनेला, म्हणजे अर्थिंगला, घट्ट कसलेली. तांब्याचा एकही तंतू बाहेर नाही. कॉइल दोन हजार वॉटची, घेणार नऊ अँपिअर. दहा अँपिअरचा प्लगही चालला असता, पण मार्लीसने वीसचा निवडला होता, जाड पिनांचा. ज्याला काळजी असते तो असंच करतो.

पिनांच्या बुडाशी पांढरं काहीतरी वाळलेलं होतं. त्यांनी नखाने खरवडून पाहिलं. माल्टची पूड तपकिरी असते. हे गव्हाचं पीठ होतं, ओल्या बोटांनी लागलेलं.

मग त्यांनी पेटी उघडली आणि बराच वेळ आत पाहत बसल्या.

"ही कुठून आली?" त्यांनी विचारलं.

पेटी आणि पातेलं ब्लुमेनाऊहून आलं होतं, अपारिसियोंनी सांगितलं. ओलिंडाचा भाऊ एगॉन होबोल्ड तिकडे घरी बिअर करायचा आणि पेटीही त्याने स्वतः बांधली होती. तो एप्रिलमध्ये वारला. वस्तू बहिणीकडे आल्या, आन्सेल्मो त्यांत बिअर करू लागले.

दोरोतेयाबाईंनी कागदावर दोन रेघा ओढल्या. ब्लुमेनाऊमध्ये दोनशेवीस व्होल्ट म्हणजे एक जिवंत तार आणि एक न्यूट्रल. बटणाने एक तोडली की काम झालं, दुसरीत जीव नसतोच. कुरितिबात दोनशेवीस दोन जिवंत तारांमधून मिळतं. एगॉनने आपल्या गावासाठी बरोबर पेटी केली होती, एकच तार तोडणारी. इथे बटण बंद केलं, दिवा विझला, काटा शून्यावर आला, तरी दुसरी तार कॉइलपर्यंत जिवंतच. आणि कॉइलच्या टोकांशी काढा झिरपून हिरवट थर साचला होता. तिथून वीज पातेल्याच्या अंगात उतरत होती.

"म्हणजे बंद असताना ते मेलेलं नव्हतं," अपारिसियो म्हणाले.

"कधीच नव्हतं."

त्यांनी पातेल्याला चाचणीपुरती वीज दिली, अर्थिंगशिवाय. बटण बंद. मीटरवर आकडा आला. मग त्यांनी एक गोष्ट केली जी त्यांनी अहवालात लिहिली नाही. रबरी तळाचे बूट घातलेले होते, हात कोरडा होता. त्यांनी तळहाताची मागची बाजू स्टीलला जेमतेम टेकवली. आतून काहीतरी थरथरलं, फार हलकं. झोपलेल्या माणसाच्या मनगटावर बोट ठेवावं तसं.

त्यांनी हात काढला आणि वीज तोडली.

"पण मार्लीसच्या प्लगला अर्थिंग आहे," त्या स्वतःशीच बोलल्या. "ही वीज जमिनीत जायला हवी होती, माणसात नाही. प्लग बरोबर असेल तर हा माणूस मरायलाच नको होता."

३

बुधवारी सकाळी परसात धुकं होतं. खोलीचा सिमेंटचा कोबा ओलसर. आन्सेल्मोंचे गमबूट दाराशी उलटे वाळत ठेवलेले, त्यांत पाणी गेलं होतं म्हणून शनिवारी ते अनवाणी होते. इथे धुकं आलं की काही दिसत नाही आणि आवाज मात्र जवळून येतात. पलीकडे कोणी नळ सोडला तर तो खोलीतच वाहतोय असं वाटे.

आन्सेल्मोंचे धाकटे भाऊ जेनेझियो तिथे उभे होते. ते घरदुरुस्तीची कामं करत. हातात शिमारॉनचा तुंबा, त्यातला कडू पानांचा चहा नळीने ओढत होते. खोलीतलं दोनशेविसाचं सॉकेट त्यांनी बसवलं होतं, त्यामुळे त्यांचा चेहरा आधीच भांडायला तयार होता.

"तपासा," ते म्हणाले. "माझा दादा रसायनशास्त्राचा मास्तर. सॉकेट बसवताना स्टूल धरून उभा होता आणि मला इलेक्ट्रॉन कसे वाहतात ते सांगत होता. मी म्हटलं, दादा, तू स्टूल धर, इलेक्ट्रॉनांचं मी बघतो."

दोरोतेयाबाईंनी मीटर लावला. अर्थिंग उत्तम होती. बाहेर जमिनीत सळई ठोकलेली, तार अखंड. गळती होताच आपोआप तुटणारा ब्रेकर मात्र नव्हता. जुन्या घरांत तो कुठेच नसतो.

"तुमचं काम चोख आहे."

जेनेझियोंना हे अपेक्षित नव्हतं. त्यांनी तुंबा पुढे केला, बाईंनी एक घोट घेतला आणि परत दिला. मग ते जरा मोकळे झाले. त्यांनी सांगितलं की महिनाभर ते पातेलं हाताला मुंग्या आणायचं, तेही बंद असताना. तेव्हा एगॉनचा जुना निळा प्लग एका दोन तारांच्या एक्स्टेंशनवर चालायचा. आन्सेल्मो हसून म्हणायचे की एगॉन आपला वाटा मागतोय. वहिनी मात्र हसायच्या नाहीत. दुपारी एकट्याच जाऊन पातेल्यापाशी बसायच्या.

"कशाला?"

"त्यांना विचारा. मी भावजयीला असलं विचारत नाही. वहिनी हल्ली तशाच आहेत. शुक्रवारी त्यांचा कुका, ओव्हनमधला तो गोड केक, चुकला. बत्तीस वर्षांत चुकला नव्हता. मला बेकरीचा पाव वाढला, म्हणाल्या ओव्हन बिघडलाय. आणि शनिवारी संध्याकाळी दादाच्या शवापाशी बसलो तर कॉफीबरोबर गरम कुका. दुःखानं ओव्हन दुरुस्त होतो का, दोना?"

ठाण्यातून आणलेली केबल दोरोतेयाबाईंनी पिशवीतून काढली आणि प्लग सॉकेटला लावला.

तो तोंडाशीच अडला.

त्यांनी फिरवून पाहिला, जोर लावून पाहिला. जेनेझियो वाकून बघू लागले. सॉकेट दहा अँपिअरचं होतं, प्लग वीसचा. दोन्हींचा आकार एक, छिद्रं एकाच अंतरावर. फरक फक्त पिनेच्या जाडीचा, एक मिलिमीटरही नाही. पण तेवढ्याने प्लग बाहेरच राहतो, आणि तो तसा राहावा म्हणूनच फरक ठेवलेला असतो.

ओलिंडाने ज्या सॉकेटमधून प्लग ओढला असं लिहिलं होतं, त्यात तो प्लग कधी गेलाच नव्हता.

४

मार्लीस स्वतःच्या घरी जेवणाच्या टेबलाशी बसली होती. पडदे उघडे, दिवा बंद. दोरोतेयाबाईंनी तिला कोणतंही सांत्वन न करता गुरुवारचा क्रम विचारला. काम करणाऱ्या माणसाला क्रम विचारला की त्याला आधार वाटतो, हे त्यांना माहीत होतं.

तिने क्रम सांगितला. बुधवारी बाबांनी फोनवर म्हटलं की मुंग्या आता जोरात येतात. गुरुवारी ती प्लग घेऊन गेली. बाबा दवाखान्यात रक्तदाब दाखवायला गेले होते. तिने एक्स्टेंशन फेकलं, निळा प्लग कापला, नवा लावला. सॉकेटही वीसचं बसवायचं होतं, ते काका रविवारी करणार होते. तोपर्यंत म्हणून तिने अडॅप्टर वापरला, वीसचा प्लग दहाच्या सॉकेटमध्ये घालणारा. तीन पिनांचा, नवीन.

"पोलिसांच्या यादीत अडॅप्टर नाही," दोरोतेयाबाई म्हणाल्या.

"तेही म्हणतात. मी लावला होता. की नव्हता?" तिने आपल्या हातांकडे पाहिलं. "रोज मुलांना दाखवते ना, दोना. कदाचित त्या दिवशीचं आणि वर्गातलं एकमेकांत मिसळलंय. कदाचित मी अर्थिंग लावलीच नाही."

"अर्थिंग लावली आहे. मी प्लग उघडून पाहिला."

मार्लीसचा चेहरा बदलला नाही, पण बोटं टेबलावर सरळ झाली.

"अडॅप्टर लावल्यावर तपासलंत?"

"मीटरनं. मग हातानं. मुंग्या गेल्या होत्या. पातेलं अगदी गप्प होतं."

"तिथे आणखी कोण होतं?"

"आई. दारात उभी होती. पूर्ण वेळ, कॉफीचा कप घेऊन. कॉफी गार झाली, तरी उभीच. नंतर तिनं पातेल्याला हात लावला. बराच वेळ ठेवला. मग आत निघून गेली."

दोरोतेयाबाईंना पिनांवरचं पीठ आठवलं, आणि शुक्रवारचा बेकरीचा पाव. त्यांनी वहीत फक्त एक शब्द लिहिला: स्वयंपाकघर.

५

गुरुवारी त्या ओलिंडाकडे गेल्या. दुसऱ्या दिवशी सातव्या दिवसाची प्रार्थना होती, माणसं येणार होती. टेबलावर कुक्याचे चार साचे, वर लोणी-साखरेचा चुरा. पाचवा ओव्हनमध्ये होता. घरभर दालचिनीचा वास पसरला होता. ओलिंडाने विचारलंही नाही, एक तुकडा कापून पुढे ठेवला.

"छान फुगलाय," दोरोतेयाबाई म्हणाल्या. "ओव्हन कोणी दुरुस्त केला?"

"बिघडलाच नव्हता."

हे तिने इतक्या साधेपणाने सांगितलं की पुढचा प्रश्न विचारायला बाईंना क्षणभर जड गेलं. त्या उठल्या. ओव्हनचा प्लग जाड पिनांचा होता, वीसचा. भिंतीतलं सॉकेट जुनं, दोनच छिद्रांचं. मध्ये एक पिवळट पडलेला अडॅप्टर. त्यांनी ओव्हन बंद करून तो ओढून काढला. मागे दोन पिना होत्या. मधली करवतीने कापलेली, कापल्या जागी धातू चकाकत होता. दोन छिद्रांच्या सॉकेटात तीन पिनांचा अडॅप्टर जावा म्हणून या शहरात निम्म्या घरांत हेच केलं जातं. अर्थिंगची पिन लोकांना फाजील वाटते.

भिंतीत लावलेला असताना हा आणि मार्लीसचा अडॅप्टर वेगळे ओळखू येत नाहीत. कापलेली पिन दिसते ती फक्त हातात घेतल्यावर.

"गुरुवारी ती गेल्यावर तुम्ही तिचा काढलात आणि हा लावलात," दोरोतेयाबाई म्हणाल्या. "म्हणून शुक्रवारी ओव्हन चालला नाही. तिचा तीन पिनांचा इथे बसेना. शनिवारी प्लग ओढलात तेव्हा हा सोबत आला. संध्याकाळी माणसं येणार होती, म्हणून परत इथे आला."

ओलिंडा खुर्चीत बसली. तिने हात अॅप्रनला पुसले, मग पुन्हा पुसले.

"कॉफीबरोबर काहीतरी द्यायला हवं होतं," ती म्हणाली. "हात आपोआप करतात हो. मी विचार केला नव्हता."

"आणि गुरुवारी? तेव्हाही हातांनी आपोआप केलं?"

ओव्हन गार होताना टक् टक् वाजत होता. मग ओलिंडा सांगत गेली, सलग, जणू कोणी विचारण्याचीच वाट पाहत होती. एगॉन गेला तेव्हा ती पोचू शकली नव्हती. दरड कोसळून रस्ता बंद होता. शेवटचा हात धरायचा राहिला. पातेलं घरी आलं, पहिल्याच दिवशी धुताना तिने स्पर्श केला आणि आतून कोणीतरी उत्तर दिलं. चालू असताना नव्हे. बंद असताना, सगळं शांत असताना. म्हणून तर तिला खात्री पटली. यंत्र बंद झाल्यावर जे उरतं ते यंत्राचं नसतं, असं तिला वाटलं. महिनाभर ती रोज दुपारी कोरडे हात घेऊन, लाकडी खडावा घालून त्याच्यापाशी बसली.

"मार्लीसनं प्लग लावला," ओलिंडा म्हणाली, "आणि एगॉन गेला. दुसऱ्यांदा. मी दारात उभी होते आणि तो गेला. या वेळी तरी मला काही करता येत होतं."

"तिनं तुम्हाला सांगितलं नाही, की मुंग्या म्हणजे गळती, आणि गळतीनं माणूस मरतो?"

ओलिंडाने ओव्हनचं दार उघडलं. कुका मधोमध खचला होता.

"ती म्हणाली, आई, आता झटका बसणार नाही. एवढं आठवतं." तिने साचा बाहेर काढून दार लावून घेतलं. "बाकी ती काही बोलत होती. मी ऐकत होते की नाही, ते खरंच सांगता येत नाही. माझा हात पातेल्यावर होता."

"मुलीनं रविवारी गुन्हा कबूल केला. तुम्ही गप्प राहिलात."

"मला वाटलं एगॉननं नेलं त्यांना. बुधवारपर्यंत तसंच वाटत होतं. जेनेझियो सांगत आला, की तुम्ही प्लग सॉकेटात घालून पाहिलात आणि तो गेलाच नाही. तेव्हा मी या ओव्हनकडे पाहिलं." तिने साचा पुढे सरकवला. "हा वाया गेला. न्या बांधून, जेनेझियोच्या कुत्र्याला आवडतो."

६

अहवाल दोन पानांचा झाला. पहिल्या पानावर दोरोतेयाबाईंनी लिहिलं: प्लगची निवड योग्य, जोडणी निर्दोष. हे वाक्य त्यांनी मुद्दाम पहिलं ठेवलं. पुढे पेटीचं, कॉइलचं, कापलेल्या पिनेचं. दुसऱ्या पानावर ओलिंडाचा जबाब, तिच्याच शब्दांत. मार्लीसचा नवा अडॅप्टर ओलिंडाने स्वतःहून काढून दिला. तो एगॉनच्या फोटोमागे ठेवलेला होता.

अपारिसियोंनी वाचलं आणि चष्मा काढला. मुलगी सुटली, ते म्हणाले. आता उरला एकच मुद्दा. आईला धोका माहीत नव्हता, तर हा अपघात. माहीत असून अडॅप्टर बदलला, तर ज्या गुन्ह्यासाठी मुलगी उभी होती, तो आईच्या नावावर जाईल. गुरुवारी त्या खोलीत दोघीच होत्या. आईला आठवत नाही, आणि मार्लीस बोलली नाही तर हा अपघातच ठरेल.

"म्हणजे पुन्हा मार्लीसकडेच आलं," दोरोतेयाबाई म्हणाल्या.

सोमवारी त्यांनी स्पीकरवर फोन लावला. अपारिसियोंनी मार्लीसला अहवालातलं पहिलं वाक्य वाचून दाखवलं. पलीकडून रडण्याचा आवाज आला नाही, फक्त एक लांब श्वास, बऱ्याच दिवसांनी पूर्ण घेतल्यासारखा. मग त्यांनी बाकीचं सांगितलं. ते संपल्यावर त्यांनी विचारलं, यानं माणूस मरू शकतो असं तू गुरुवारी आईला म्हणाली होतीस का.

फोन चालू होता. मागे कुठेतरी कपबशी ठेवल्याचा आवाज झाला. बावीस सेकंद गेले, दोरोतेयाबाईंनी घड्याळात पाहिलं. मग मार्लीसने फोन ठेवला.

तिला साक्षीसाठी मंगळवार, १७ जून, दुपारी दोन वाजता बोलावण्यात आलं. समन्स तिच्या हातात पडलं, सही आहे. मंगळवारी सकाळी तिने रजा संपवून शाळेत वर्ग घेतला आणि दीड वाजता ती शाळेतून निघाली. संध्याकाळी पाचपर्यंत ती ठाण्यात पोचलेली नव्हती.